रबरी हाताची पोच

"जोड ना वं हात. फोटो काढून राह्यले ते."

मी मंचावर उभी होते. रिसोडचं एक मंगल कार्यालय. सकाळचे साडेअकरा. समोरच्या खुर्च्या भरलेल्या. माझ्या उजव्या कोपराखाली स्वयंसेवकाने नुकताच एक हात बांधला होता. रबरी. रंगाने गोरा. नखं गुलाबी. त्याची बोटं उघडत नव्हती, मिटत नव्हती.

मी हात जोडले नाहीत. तेव्हा हे सांगणाऱ्या त्या स्वयंसेवकानेच मागून माझा डावा तळवा धरला, रबरी तळवा त्याला टेकवला आणि दोन्ही माझ्या छातीपाशी आणले. फोटो निघाला. माझे हात दुसऱ्याने जोडले.

ज्यांच्यापुढे जोडले ते बापूसाहेब. आमच्या गावात रस्त्याकडची बहुतेक जमीन त्यांची. त्या दिवशीचा मंडप, जेवण, शाली त्यांच्याकडून होत्या. माईकवरचा माणूस सांगत होता, "शेतीकामातल्या दुर्दैवी अपघातात हात गमावलेल्या आपल्या भगिनीला बापूसाहेब आज नवा हात देत आहेत."

तो अपघात बापूसाहेबांच्या वावरात झाला होता. माईकवरच्या माणसाला ते माहीत नसेल. बापूसाहेबांना माहीत होतं.

सोयाबीनची मळणी सुरू होती. गंजी खालून ओली होती, त्यामुळे मळणीयंत्राचं तोंड सारखं तुंबत होतं. मी तोंडाशी होते. आई म्हणाली, "बापूसाहेब, जरासं बंद करा मशीन. पोरीले आत हात घालावा लागून राह्यला."

"आभाळ भरून आलं अन् तुमी मशीन बंद कराले सांगता? ढकल वं, ढकल!"

मी ढकललं. बाही आत ओढली गेली. मग मशीन बंद झालं. कोपराखाली चार बोटं एवढाच हात उरला. मी तेव्हा बारावी झालेली होते आणि पुढच्या प्रवेशासाठी मजुरी करत होते. तो प्रवेश राहिला.

आमच्याकडे सवंगणी, म्हणजे पिकाची कापणी, गुत्त्याने होते. दहा-बारा बायांची टोळी एकेक वावर ठरवून घेते आणि मिळेल ते सारखं वाटून घेते. वावरात प्रत्येकीला तिची पात असते, म्हणजे कापत न्यायच्या ओळी. एकीची पात मागे राहिली की शेजारची ती ओढून घेते, म्हणजे तिच्याही ओळी कापते. एखाद दिवस ओढतात. रोज कोणी ओढत नाही. टोळी शांताकाकूची. ती आमच्याच वस्तीतली, विहाराच्या मागे राहते. ती घरी येऊन सांगून गेली, "जीव तुटते बाई तुयासाठी. पण तुयी पात कोण ओढंल?" मी तिच्या जागी असते तर हेच विचारलं असतं.

म्हणून मी कृत्रिम हातांच्या सरकारी मोजमाप शिबिराला गेले. तिथे नागपूरकडचा एक तंत्रज्ञ मुलगा होता. त्याने उरलेल्या हातावर प्लास्टर गुंडाळून साचा घेतला आणि विचारलं, "काम काय करता?"

"निंदण, सवंगण, कापूस येचणं."

"मग दिसण्याचा हात नको तुम्हाला. आकड्याचा लिहितो. लोखंडी आकडा असतो, पट्ट्याने ओढला की उघडतो."

"इळा धरता येईल?"

"डाव्या हाताने विळा चालवायचा, आकड्याने धांडे धरायचे. सराव लागेल."

त्याने माझ्यासमोर कागदावर लिहिलं: कामाचा हात, आकडा. मी ते वाचलं. दुसऱ्या दिवसापासून डाव्या हाताने विळा चालवायला लागले. आई समोर बसून धांडे धरायची, मी कापायची. दोनदा तिच्या बोटाला लागलं. ती म्हणायची, "कर वं, कर. यंदा पात घेशील तू." सात महिने आम्ही त्या आकड्याची वाट पाहिली.

मंचावर खोकं उघडलं तेव्हा आत हा गोरा हात होता. मी स्वयंसेवकाला हळूच विचारलं, "आकडा कुठं हाये?"

"कायचा आकडा? पाच बोटायचा हात देऊन राह्यलो तं आकडा मांगते!"

पुढे बसलेले दोघे हसले. मग हात जोडायला लावून पहिला फोटो झाला. फोटोवाला म्हणाला, "अजून एक. ताई, हसा जरा."

मी दातांनी पट्टा सोडला. वेळ लागला. माईकवरचा माणूस बोलायचा थांबला. हात सुटला. तो मी टेबलावर, शालींच्या शेजारी ठेवला.

"काय झालं वं?" बापूसाहेबांनी विचारलं.

"माया हात तुमच्या मशिनीत गेला. हे रबर हाये. मले कामाचा हात पाह्यजे."

ते माझ्याकडे झुकले. आवाज माईकपर्यंत जाणार नाही एवढाच ठेवला. "तुया बापाचा जलम आमच्या वावरात गेला. तुमच्या लोकायले काईबी द्या, माज जात नाई. उतर खाली."

मी उतरले. मागे कुणीतरी गाणं लावलं. पुढचं नाव पुकारलं गेलं.

मला वाटलं होतं, वस्तू घेतली नाही म्हणजे प्रश्न उघडा राहिला. दाराशी नोंदवही घेऊन बसलेल्या कारकुनाला मी तसं सांगितलं. त्याने वही फिरवून दाखवली. माझ्या नावापुढे 'वस्तू मिळाली' असं छापलेलं होतं आणि त्यापुढे माझी सही होती.

ती सही सकाळी नऊला झाली होती. अशा शिबिरात दाराशीच सगळ्यांच्या सह्या घेतात, म्हणजे दुपारी गर्दी होत नाही. सही केली की जेवणाचं कुपन मिळतं. कारकुनाने शाईचं पॅड पुढे सरकवलं होतं. "अंगठा?" मी म्हणाले, "सही." डाव्या हाताने गिरवून गिरवून शिकलेली सही मी पहिल्यांदाच सरकारी कागदावर करत होते. अक्षर नीट यावं याकडे माझं लक्ष होतं. वरचं छापलेलं मी वाचलं नाही. बारावी शिकलेली मुलगी, आणि वाचलं नाही. ही चूक माझी आहे.

"आता तीन वर्सं दुसरं काई भेटत नाई," कारकून म्हणाला. "घेऊन जायचा ना. दिसाले तं चांगला होता."

आई घरी हेच म्हणाली. "काहून वापस केला? लोकायसमोर बाहीतून दिसला तरी असता." दोन दिवस तिने विळ्याकडे पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर फोटो आला. पहिला फोटो. मी हात जोडून उभी, समोर बापूसाहेब. खाली ओळ होती: 'नवा हात मिळाल्याने भगिनी भावुक.' शांताकाकू टोळीतल्या बायांसोबत पेपर घेऊन आली.

"पेपरात तं दोन हात हायेत वं तुये. मंग घेऊ का तुले टोळीत?"

बाया हसल्या. मीही हसले. त्या वर्षी सवंगणी झाली. माझी पात नव्हती. बाया वावरातून गेल्यावर गळलेल्या शेंगा मी एका हाताने वेचल्या.

मी वाशीमला, हात मंजूर करणाऱ्या सरकारी कार्यालयात पाच वेळा गेले. मोजमापाचा कागद सापडत नाही, असं तिथे सांगतात. तंत्रज्ञ कंत्राटी होता, आता तो नाही. पाचव्या वेळी टेबलावरच्या साहेबांनी दार लावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. चहा मागवला.

"ताई, पोच आहे, फोटो आहे. मिळालं नाही असं आता कोणीच म्हणू शकत नाही. तुम्ही एवढं लिहून द्या की हात मिळाला होता, बसमध्ये हरवला. हरवल्यावर खास बाब म्हणून करता येतं. आकड्याचाच मागवू. पुढच्या हंगामाआधी येईल."

कोरा कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला. मजकूरही सांगितला. पहिली ओळ अशी होती: 'मा. बापूसाहेबांच्या हस्ते मला मिळालेला कृत्रिम हात...'

मी पेन उचललं होतं. हे लपवत नाही. आकडा मला डोळ्यांसमोर दिसत होता. आई पस्तीस वर्षं वाकून आहे. एक पात म्हणजे आमच्या घरात काय, ते मला माहीत आहे.

मी लिहिलं: 'मला हात मिळालेला नाही. नोंदवहीतली पोच वस्तू दाखवण्याआधी घेतली आहे. माझा हात कोणाच्या वावरात आणि कोणाच्या हुकमाने गेला, ते खाली लिहीत आहे.' खाली लिहिलं.

साहेबांनी वाचलं. "याने काही होणार नाही, ताई."

"माहीत हाये."

अर्ज परत आला. शेरा होता: लाभ दिलेला असल्याने निकाली. तो मी पुन्हा दिला. पुन्हा परत आला. काही होणार नाही हे साहेबांचं म्हणणं आजवर खोटं ठरलेलं नाही आणि ठरेल असं मला वाटत नाही. यंदाचा हंगामही असाच जाईल. अर्ज मी सोमवारी पुन्हा देणार आहे. त्यातली एकही ओळ बदलणार नाही.