लूपीचं पाणी

सी तिजानी (सी म्हणजे आमच्याकडचं ‘राव’) लेकीकडे राहायला आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक गादी होती, चिकटपट्टी लावून बांधलेला एक रेडिओ होता आणि लूपी नावाचा कुत्रा होता. मी समोरच्या दारात उभी राहून बघत होते. म्हटलं, झालं, आता या जिन्यात रोजचा तमाशा.

तसं काही झालं नाही. माणूस गायीसारखा गरीब. सगळा जन्म आमच्या स्फाक्स शहराच्या बाहेर ऑलिव्हच्या बागेतल्या घरात गेला. तेलाच्या घाण्यावर काम केलं. बायको गेली, मग भावांनी वाटणी मागितली आणि बाग विकली गेली. मुलगा नाही, रधिया ही एकुलती एक लेक. तिच्याकडे निभलं तर निभलं, नाहीतर जायला दुसरं दार नव्हतं. हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, म्हणून घरात वावरायचे ते पाहुण्यासारखे. रश्शात मीठ जास्त पडलं तरी अल्लाची कृपा, कमी पडलं तरी अल्लाची कृपा.

रधियाचा नवरा हेदी शहराच्या पाणीखात्यात. पाण्यात क्लोरीन किती सोडायचं, ते बघणं हेच त्याचं काम. आता आमच्या गावाची खोड अशी, की जुनी माणसं नळाचं पाणी धुण्याभांड्यापुरतं धरतात. प्यायला माजलचं, अंगणाखालच्या टाकीत साठवलेलं पावसाचं. फ्लॅटमध्ये कुठलं आलंय माजल? लोक बाटल्या विकत आणतात. हेदीच्या घरात मात्र बाटलीला बंदी. पाणीखात्याचा माणूसच बाटल्या घेऊन जिना चढला तर शेजारी काय म्हणतील, असं त्याचं म्हणणं. शेजारी म्हणजे मीच की! मी काही म्हणणार नव्हते, पण असो.

कुत्र्याची सोय गच्चीवर झाली. जिथं नमाज पढायची तिथं त्याची लाळ नको, हे सी तिजानींनाही मान्य होतं. हेदीनं एकच अट घातली होती. कुत्र्याचा त्रास झाला तर तो बागेच्या नव्या मालकाकडे परत जाणार.

आणि लूपी पाणी पिईना. वाडग्यात नाक घालायचा, फुरफुरायचा आणि बाजूला व्हायचा. उन्हाळा तोंडावर आलेला. जीभ बाहेर काढून तो टाकीच्या सावलीत पडून राहायचा, आणि म्हातारा त्याच्याशेजारी. शेवटी एकदा जेवताना सी तिजानींनी चाचरत विषय काढला. कुत्र्याला माजलच्या पाण्याची सवय आहे, त्याला नळाचा वास लागतो, असं ते म्हणाले. हेदी आधी हसला. कुत्रा आहे की काझी, म्हणाला. पण मनातून त्याला झोंबलंच असणार, कारण मग त्यानं अर्धा तास क्लोरीनवर भाषण दिलं. रधियानं ते सगळं मला ऐकवलं. त्यातलं कामाचं एवढंच, की पाणी पसरट भांड्यात उघडं ठेवावं, दुसऱ्या दिवसापर्यंत वास उडून जातो.

सी तिजानी लगेच बाजारात जाऊन मातीची पसरट परात घेऊन आले. इथवर ठीक. पण त्यांच्या आईनं जसं केलं, तिच्या आईनं जसं केलं, तसं त्यांनी परातीला आतून गतरान चोळलं. गतरान म्हणजे लाकडाचा काळा डांबरासारखा अर्क. पाहुण्याला द्यायचं पाणी अशाच भांड्यातलं असावं, ही आमच्याकडची रीत. लूपीनं ते हुंगलं मात्र, आणि गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन पाठ करून बसला. मी कपडे वाळत घालत होते. म्हटलं, "सी तिजानी, कुत्र्याला पाणी पाजताय की लग्नाला नेताय?"

बिचारे ओशाळले. राख लावून घासली, उन्हात तापवली, पण गतरानचा वास जातो होय? दुसरी परात आणली. तिला काही न लावता नळाचं पाणी भरून ठेवलं, वर कबुतरांसाठी जाळी. दुसऱ्या दिवशी लूपीनं परात चाटून कोरडी केली. सी तिजानींचा चेहरा असा फुलला की मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

ऐन उन्हाळ्यात एका दुपारी ते गच्चीच्या जिन्यात कोसळले. मी आणि रधियानं त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि विचारलं, घरात यांना पाणी देत नाही का? अंगातलं पाणी पार आटलंय. रधियाचं तोंड उतरलं. लेकीच्या घरी बाप तहानेनं पडला म्हणजे काय! तेवढ्यात हेदी कामावरून धावत आला आणि दारातूनच तिच्यावर डाफरला, की म्हाताऱ्याकडे लक्ष कुठं असतं तुझं.

"तिला बोलू नको," सी तिजानी म्हणाले. "ती रोज पेला भरून ठेवते. मीच ओतून देतो. घशाखाली उतरत नाही."

चहा, कलिंगड आणि ताक, एवढ्यावर त्यांनी दिवस काढले होते. परातीतलं पाणी रोज स्वतःच्या हातानं भरायचे, पण कुत्र्यानं तोंड लावलेलं भांडं, त्यातलं पिणार कसे? आणि स्वतःसाठी वेगळी परात मागायची तर आपल्यालाही वास लागतो, हे सांगावं लागलं असतं.

रधिया रडायलाच लागली. "बाबा, एका शब्दानं बोलायचं तरी."

"काय बोलू? कुत्र्यानं पाणी नाकारलं तर लोक हसतात. सासऱ्यानं नाकारलं तर जावयाचा अपमान होतो. खाल्ल्या घरचे वासे मोजू मी?"

हेदी दारातूनच वळला. उलट्या पावली निघून गेला. मला वाटलं, संपलं, आता म्हातारा बेघर होतो. रधियालाही तेच वाटलं. तिनं माझा हात धरला तो सोडेचना.

दुसऱ्या दिवशी त्यांना घरी आणलं. मी दवाखान्यात राहिलेली चादर पोचवायला गेले, तर जेवणाच्या टेबलावर मातीचा नवा कोरा माठ, तोंड उघडं. हेदीनं त्यातला पेला भरून सासऱ्यापुढे धरला. सी तिजानींनी आधी हुंगलं, मग जावयाकडे चोरून पाहिलं, आणि पेला एका दमात रिकामा करून पुन्हा पुढे केला. हेदीनं तो भरला. मग स्वतःसाठीही एक भरला आणि उभ्या उभ्या घटाघटा प्यायला.

"वास मलाही येतो, काका," तो ओठ पुसत म्हणाला. "रोज येतो. पण मी कुणाला सांगू?"