चौथ्या सडाची रेघ

दगडी झालेली गाय हवी आणि तिला औषध दिलेलं नको, एवढीच माझ्या प्रबंधाची अट होती. दगडी म्हणजे कासदाह. कास सुजून दगडासारखी टणक होते, म्हणून आमच्याकडं दगडी. पण शिरूर-दौंड भागात दोन हजार सालाच्या आसपास अशी गाय मिळेल तर शपथ! सड जरा लाल दिसला, की माणूस मेडिकलमधून ट्यूब आणून मोकळा. खुटबावला तर एका भल्या माणसानं मी येणार हे कळल्यावर मुद्दाम गायीला इंजेक्शन देऊन ठेवलं. का, तर "म्याडम येणार, आन् गाय आजारी दिसायला नको." मी तिथंच कपाळाला हात लावला.

माझं काम तसं सोपं होतं. गायीची कास बधिर करायची आणि सुजलेल्या सडाच्या वरून एक, चांगल्या सडाच्या वरून एक, असे तांदळाच्या दाण्याएवढे दोन तुकडे सुईनं काढायचे. मग पुण्याच्या लॅबमध्ये त्यातली प्रथिनं वेगळी करून बघायची. निळा रंग चढवला की जेलच्या पातळ तुकड्यावर रेघा उमटतात. निरोगी भागात केसिनची, म्हणजे दुधाच्या मुख्य प्रथिनाची, रेघ ठसठशीत असते. आजारी भागात ती फिकी पडते आणि रक्तातून झिरपलेल्या प्रथिनांच्या रेघा जाड होतात. अशा रेघांवरून आजार वाचता येतो, याचा मला तेव्हा भारी तोरा होता.

शेवटी वडगाव रासाईत एका काकूंकडं हवी तशी गाय सापडली. मागचा एक सड सुजलेला, दुधात गुठळ्या. मी तीनतीनदा विचारलं, "काकू, खरं सांगा, काही इलाज केलाय?"

"न्हाई गं बाई. खोटं कशाला बोलू?"

त्यांचे यजमान दारात उभे होते. मी त्यांना आप्पा म्हणायचे. ते म्हणाले, "इलाज कशाला? येत्या बाजाराला इकायची हाय. गेलेला सड परत येत न्हाई. तीन सडांची गाय ठिवून काय तिची आरती करायची?"

काकूंचं तोंड एवढंसं झालं. गाय त्यांनी वासरापासून वाढवलेली. मी सुई भरत असताना त्या हळूच म्हणाल्या, "तुझ्या मशिनीत काय चांगलं दिसलं तर मला सांगशील? ह्यांना माझं पटत न्हाई."

"काकू, मी बरं करणारी नाही. मी नुसती बघणारी."

"मग नीट बघ."

तुकडे काढून झाल्यावर आमच्या नियमाप्रमाणं मी औषधाची ट्यूब सडात सोडली आणि पुण्याला गेले.

चार दिवसांनी जेलवरचा जादा रंग धुतला, रेघा दिसल्या आणि माझं टाळकंच सरकलं. सुजलेल्या सडाच्या तुकड्यात केसिनची रेघ चांगली जाड होती! म्हणजे मी सुई लावली तेव्हाच सड सुधारायला लागला होता. म्हणजे औषध आधीच दिलेलं होतं. काकूंनी मला चक्क शेंडी लावली! मी ताडकन उठले, आणि मग ध्यानात आलं की उद्या बाजार आहे. जो सड गेला म्हणून आप्पा गाय विकायला निघालेत, तो जिवंत आहे.

पहाटेची एसटी धरून दौंडला घरी आले. अब्बांची लुना काढली. अब्बा म्हणाले, "आधी पाणी पी, मग कुणाशी भांडायचं ते भांड." पाणी प्यायलेच नाही.

पोहोचले तेव्हा दारात टेम्पो उभा. आप्पांच्या हातात दावं, आणि गाय चढायला तयार नाही. मी लुना पाडून धावले. "आप्पा, थांबा! सड मेलेला नाही!" पिशवीतला जेलचा तुकडा त्यांच्या नाकासमोर धरला.

"हे काय, मच्छरदाणी?"

"ही जाड रेघ दुधाची. सड मेला असता तर ही दिसलीच नसती."

"रेघंवर गाय ठिवू व्हय मी?"

काकू पुढं आल्या. गायीजवळ बसल्या, तोच सड ओढला आणि तळहात आप्पांपुढं केला. पांढरंशुभ्र दूध. त्यात एक बारीक गुठळी, बस्स. आप्पांनी तळहात पाहिला, जेल पाहिला, पुन्हा तळहात पाहिला. मग टेम्पोवाल्याला म्हणाले, "जा बाबा, च्या घिऊन जा."

मला इतका आनंद झाला की मी भांडायचंच विसरले. मग आठवलं. "पण काकू, इलाज केला नाही म्हणालात!"

"न्हाईच केला. मी आपली सड मोकळा करत व्हते. तासा-दोन तासानं गार पाण्यानं धुवायचा, शेवटच्या थेंबापातूर पिळायचा. त्याला का इलाज म्हंत्यात? ते काम हाय."

मी इलाज म्हणजे औषध एवढंच धरलं होतं. "काकू, आता ही गाय माझ्या प्रबंधातून बाद."

"का गं?"

"माझे गाईड सर म्हणतील, ही बरी व्हायला लागली होती."

काकू पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "आजारी ऱ्हायली असती तर चाललं असतं व्हय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि हसूही आवरेना. वही काढली. "सांगा काकू, पहिल्यापासून. किती वेळानं, कसं, सगळं लिहून घेते."

"लिहून काय कळतंय? हात धू आन् बस खाली."

इतक्या गायींच्या कासेत सुया खुपसल्या, पण दूध मी जन्मात काढलं नव्हतं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बसले. सड ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. गायीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"वढू नको, वरनं दाबत ये," काकू म्हणाल्या आणि माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवली. बारीकशी धार निघाली आणि थेट माझ्या चपलेवर पडली.