डोहाळजेवणाची हिरवी बर्फी

डोहाळजेवणाला सगळं हिरवं लागतं, कबूल. हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या. पण बर्फीसुद्धा हिरवीगार करायची, हे आमच्या आत्याबाईंनाच सुचावं! आत्याबाई म्हणजे माझी सासू. तोंडानं फटकळ. लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी तिच्याकडून एक गोड शब्द मिळाला नव्हता. त्या बाईनं माझ्या पहिल्या खेपेला स्वतः बसून दूध आटवलं, खवा केला, याचंच मला रडू येत होतं.

तेव्हा कापसाला सोन्याचा भाव होता आणि अमरावतीच्या बाजारात विलायती मालाची नुसती रेलचेल. तिथून आत्याबाईंनी हिरव्या रंगाची पुडी आणली. दुकानदारानं सांगितलं, "सायबाच्या मिठाईत हाच रंग असते, बाई." पानांच्या रसाचा मळकट हिरवा कुठं आणि हा कुठं! आत्याबाईंनी तो हातानं खव्यात मळला, वड्या पाडल्या आणि कोणालाही चाखू दिल्या नाहीत. "पहिले तू खाय. मंग बाकीच्या," म्हणाल्या. मी चांगल्या दोन खाल्ल्या. लाडाच्या होत्या ना!

घटकाभरात घसा जळायला लागला. मग उलट्या, पोटात पिळा, पायांत गोळे. बायका उठून उभ्या राहिल्या. कोणी म्हणे पटकी, कोणी म्हणे नजर लागली. अकोल्याहून खास आलेली माझी माय मीठमोहऱ्या ओवाळत बसली. मला कशाचं काही नव्हतं. हात पोटावर ठेवला होता आणि आत काही हलत नव्हतं.

वैद्यबुवांनी काय खाल्लं ते विचारलं आणि बर्फीचा तुकडा चुलीतल्या निखाऱ्यावर टाकला. भपकन लसणाचा वास आला.

"बर्फीत लसूण टाकला होता काय, बाई?"

आत्याबाईंनी नाही म्हणून मान हलवली.

"मंग रंगात सोमल हाय. जहर हाय हे."

माय कडाडली, "माह्या पोरीले मारून राहिली काय तू?" अख्ख्या आळीला पुरून उरणारी आत्याबाई, पण आपल्या हिरव्या झालेल्या हातांकडं पाहत राहिली. अगं माय, तिनं मायेनं केलं गं, असं मला ओरडून सांगायचं होतं. तेवढ्यात पुन्हा उलटी आली.

दोन दिवस वैद्यबुवांनी दूध-तूप पाजून ओकवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आत एक बारीकशी लाथ बसली. अशी रडले मी, काय सांगू! जरा उठता आलं तशी माय मला अकोल्याला घेऊन गेली. तिथं केस पुंजक्यानं गळाले, नखांवर पांढऱ्या आडव्या रेघा उमटल्या. दिवस भरले आणि लेक झाली. काडीसारखी, पण टाहो असा की शेजारी जागे व्हायचे.

बाराव्या दिवशी आत्याबाई बारशाला आल्या. मायनं पाण्याचा तांब्या दिला आणि आत निघून गेली. आत्याबाई अंगणात राखेनं हात घासत बसल्या. धुतले, पुन्हा राख घेतली. कातडं लाल झालं तरी थांबेनात. मी लेकीला घेऊन जवळ गेले तर मागं सरकल्या. "माह्या हातात नको देऊ, बाई."

"धरा आत्याबाई, माहे हात भरून आले," मी म्हटलं, आणि पोर त्यांच्या ओल्या हातांवर ठेवून माझे काढून घेतले.