मागची गादी

पौडच्या सिराज मणेराला दोन गोष्टींचा भारी गर्व होता. एक त्याची मोटारसायकल. आणि दुसरी म्हणजे, त्या मोटारसायकलवरून अकरा वर्षं बांगड्यांची फेरी करूनही त्याच्या पेटीतली काच कधी तडकली नव्हती. एरवी माणूस गरीब स्वभावाचा, पण या दोन गोष्टींचा विषय निघाला की स्वारी आपली आपणच हरभऱ्याच्या झाडावर चढून बसायची.

गाडी लढाईतली. खडकीला लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव झाला तेव्हा, एकोणपन्नास साली, त्यानं ती उचलली होती. पुढच्या चाकाला स्प्रिंग होती, मागचं चाक मात्र सरळ सांगाड्याला जखडलेलं. चालवणाऱ्याच्या बैठकीखाली दोन जाड स्प्रिंगा होत्या, त्यामुळं सिराजला खड्डा लागायचा तो झोपाळ्यासारखा. मागच्या मडगार्डावर चामड्याची एक चपटी गादी होती. तिच्यावर त्याची बायको फहमिदा पेटी मांडीवर घेऊन बसायची, कारण गावोगावच्या लेकीसुनांचे हात धरून बांगड्या भरायचं काम तिचं होतं.

काय दिवस होते ते! भाताची कापणी उरकली की फेरी सुरू व्हायची. पौडहून मालेकडं जाताना दोन्ही बाजूंच्या खळ्यांवरून आंबेमोहराचा वास यायचा. गाडीची फटफट ऐकू आली की बाया हातातलं काम टाकून रस्त्याला यायच्या. बांगड्या भरून झाल्या की सुपातून तांदूळ यायचे, आणि ती बाई वाकून फहमिदाला नमस्कार करायची, मग ती पाटलाची सून का असेना. फहमिदा म्हणायची, "चुडा अभंग राहू दे, बाई." तो आशीर्वाद घेतल्याशिवाय कुणी उठत नसे.

साठ सालच्या दिवाळीनंतर सिराज गाडीच्या कामासाठी पुण्याला गेला. भवानी पेठेतल्या वाल्मीक मिस्त्रीकडं एका नव्या मोटारसायकलचा मागचा अर्धा भाग आला होता. त्यात चाकाच्या दोन्ही अंगांना शॉकप होते, म्हणजे नळीत बसवलेल्या मोठ्या स्प्रिंगा. "तुझ्या गाडीचा मागचा भाग कापतो आणि हा जोडून देतो," मिस्त्री म्हणाला. "मग खड्डा आला काय न् गेला काय, मागच्या माणसाला कळणारसुद्धा नाही."

गाडी कापायची, हा शब्दच सिराजला सोसेना. जर्मनांच्या तोफांतून सुटलेली गाडी आता आपण करवतीखाली घालायची? विचार करून सांगतो म्हणून तो घरी आला. पौडात त्यानं चार जणांना विचारलं. कोंडिबा लोहार म्हणाला, "चालत्या गाडीला कशाला खीळ घालतोयस? सांधा तो सांधाच. मोडला तर रानात बसशील रडत."

पण सिराजचा खरा हिशेब वेगळाच होता. रस्ता किती वाईट हे बांगड्या विकणारा मणेर पाठीवरून ठरवत नाही, पेटीवरून ठरवतो. त्याचा बाप पायी फिरायचा, तोही घरी आल्यावर आधी पेटी उघडून बघायचा. काच शाबूत तर वाट चांगली. सिराजची पेटी अकरा वर्षं शाबूत होती. मग स्प्रिंगा हव्यात कुणाला?

"तुला काय वाटतंय?" त्यानं फहमिदाला विचारलं.

ती चुलीपाशी वीट तापवत होती. रोज संध्याकाळी ती गरम विटेनं कंबर शेकायची. बांगड्या भरताना तासन्‌तास उकिडवं बसावं लागतं, त्यानं कंबर धरते, अशी सिराजची समजूत होती.

"तुमाला बरं दिसंल तसं करा," ती म्हणाली आणि वीट फडक्यात गुंडाळून आत गेली. सिराजनं मिस्त्रीला नकार कळवून टाकला.

महिन्याभरानं मालेच्या हैबतरावांच्या घरी लगीन निघालं. नवरीचा हिरवा चुडा भरायचा होता आणि नेमकी फहमिदा बहिणीच्या बाळंतपणाला घोटवड्याला गेलेली. सिराज एकटाच निघाला. पेटीत नेहमीपेक्षा मूठभर जास्तच पेंढा कोंबला, पेटी मागच्या गादीवर दोरीनं आवळून बांधली आणि नेहमीच्याच वेगानं मालेला पोचला.

ओसरीवर बाया गोल करून बसल्या. मधे नवरी, शेजारी तिची आई गोजराबाई. सिराजनं मोठ्या ऐटीत झाकण उघडलं. वरच्या थरात हिरव्या काचेचा नुसता चुरा होता.

लग्नघरात, त्यातून नवरीसमोर, बांगडी फुटली असं तोंडातून काढायचं नसतं. एका म्हातारीनं हळूच म्हटलं, "वाढल्यात जणू." सिराजनं घाईघाईनं खालचा पेंढा उपसला. तळाशी नवरीपुरत्या बांगड्या धड निघाल्या तेव्हा कुठं ओसरीवरच्या बायांनी श्वास सोडला.

"अकरा वर्सांत असं झालं न्हवतं," तो पुटपुटला. "पेंढा तर जास्तच भरला हुता."

"पेंढ्याचं काय सांगतोस?" गोजराबाई म्हणाली. "फहमिदा न्हाई ना आज. ती पेटी मांडीवर घेऊन बसती. खड्डा आला की दोन्ही पायांवर उठती, पेटी उराशी धरती, न् मग दाणकन आपटती खाली. आमी खाचरातनं बगतोय की कवापासनं. तुला ठावं न्हाई व्हय?"

त्याला ठाऊक नव्हतं. कसं असेल? त्याची नजर कायम पुढं.

परत जाताना अर्ध्या वाटेवर त्यानं गाडी उभी केली. आपल्या बैठकीखालच्या जाड स्प्रिंगा बघितल्या. मग मागची गादी बोटानं दाबून बघितली. चामड्याखाली लोखंडच लागलं. अकरा वर्षं आपण ज्याला आपली कसबी पॅकिंग समजत होतो ती आपल्या बायकोची कंबर होती, हे कळल्यावर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गाडी थेट भवानी पेठेत नेली.

मिस्त्रीनं आठवडा घेतला. सांधा पक्का बसला. मागं पेटीसाठी लोखंडी घोडीही लावून मिळाली. फहमिदा घोटवड्याहून आली आणि दोघं पुन्हा मालेच्या वाटेला लागले. पेटी घोडीवर बांधलेली, त्यामुळं फहमिदाला आपल्या रिकाम्या हातांचं काय करावं ते कळेना. शेवटी तिनं एक हात हळूच नवऱ्याच्या खांद्यावर ठेवला.

पौड मागं पडलं आणि फहमिदा बोलायला लागली. त्या जांभळीखाली दरसाल एक धनगर उतरतो, त्याच्या बायकोला सहा बोटं आहेत. पलीकडच्या विहिरीवर पहिल्या वर्षी दोन सवती भांडायच्या, आता एकीच्या लेकराला दुसरी न्हाऊ घालते. त्या वळणावर एकदा मोर आडवा गेला होता, तुम्ही बघितलाच नाही. ती सांगत होती आणि तिचं संपतच नव्हतं. पौडच्या चावडीवर सिराज सगळ्यांना सांगत आला होता की आमची बाई लई अबोल हाय.

"हे आदी कदी का न्हाई बोललीस?" त्यानं मान न वळवता विचारलं.

"दातावर दात दाबून बसल्यावर बोलनार कसं?" ती सहज म्हणाली. "जीभ चावली असती की."

सिराजनं वेग कमी केला. मालेची वेस आली, ओट्यावर बाया उठून उभ्या राहिल्या, पण फहमिदाचं एका म्हशीचं आणि तिच्या पारडाचं सांगणं अर्धंच झालं होतं. सिराजनं गाडी थांबवली नाही. गाव ओलांडून तो तसाच पुढं, धरणाच्या पाण्याकडं निघाला.