व्हिलनचं टेबल

मिस्त्रींनी हेरपटांच्या त्या मालिकेचे आठही भाग पाहिले होते आणि एकाचीही गोष्ट त्यांना धड सांगता येत नसे. थेटरात ते फक्त सामान बघायचे. हीरो खिडकी फोडून आत आला की लोक शिट्ट्या मारायचे, आणि मिस्त्री बायकोच्या कानाशी लागायचे, "चौकट बघ. सागवानी वाटते ना? खोक्याच्या फळ्या आहेत."

"अहो, तो मरतोय तिकडे."

"मरत नाही. पुढच्या भागाची मापं आली आहेत."

स्टुडिओच्या सुतारखान्यात ते पहिल्या भागापासून होते. एकवीस वर्षांत हीरो तीन झाले. व्हिलन दर भागाला नवा, कारण जुना शेवटी मरायचा. त्या प्रत्येकाचा अड्डा मिस्त्रींनी उभा केला होता आणि स्फोट झाल्यावर भुसा-खिळे गोळाही केले होते. साहजिकच त्यांचा जीव व्हिलनवर. हीरोबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं.

"हीरो काय करतो? येतो, मोडतो, जातो. व्हिलनला डोंगर पोखरावा लागतो. खोल्या काढायच्या, वीज आणायची, साठ माणसं ठेवायची."

"आणि साठ जणांचा स्वयंपाक कोण करतं?" बायको विचारायची.

"त्याचा सेट कधी लावला नाही," मिस्त्री प्रामाणिकपणे सांगायचे.

आठांपैकी तीनच व्हिलन लोकांच्या लक्षात राहिले. पहिल्या भागातला घड्याळं दुरुस्त करायचा. बोलता बोलता हीरोचं घड्याळही दुरुस्त करून देतो. चौथ्यातली म्हातारी कुंड्यांना पाणी घालायची. सातव्यातला प्रत्येक नोकराला नावानं हाक मारायचा. बाकीचे पाच ओरडले. पाचव्या भागातला तर इतका ओरडला की भिंतीचा रंग पुन्हा द्यावा लागला, असं मिस्त्रींचा मेहुणा सांगायचा. मेहुणा पॉलिशवाला होता, आणि त्याच्या बोलण्यावरही पॉलिशचा एक हात जास्तच असायचा.

नवव्या भागाला दिग्दर्शक म्हणून एक बाई आल्या आणि त्यांनी व्हिलन म्हणून आणला गंमतरावांना. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण तीस वर्षं विनोदी कामं केल्यावर दुसरं नाव उरलंच नव्हतं. तीन दिवस शूटिंग झालं. गंमतरावांनी डोळे वटारले की दिवे धरणारे तोंड फिरवून हसायचे. त्यांनी धमकी दिली की हीरोलाच हसू फुटायचं. तिसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "उद्या टेबलाचा सीन. तो जमला नाही, तर परवा दुसरा माणूस येतोय. त्याच्याशी बोलून ठेवलंय."

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत गंमतराव एकटेच सुतारखान्यात आले. मिस्त्री डबा संपवून पटाशीला धार लावत होते.

"मिस्त्री, तुम्ही आठही जण पाहिलेत. त्यांच्यात काय होतं जे माझ्यात नाही?"

"आठांत नाही, तिघांत होतं."

"तेच विचारतोय. माझं वय साठ आहे. हे काम गेलं तर पुढं परत सासऱ्याची पँट फाटणार आणि सून किंचाळणार. एकदा तरी मला बघून कुणी हसू नये, एवढंच हवंय."

मिस्त्री बोलून सांगणाऱ्यातले नव्हते. त्यांनी एक फळी बाकाला अडकवली आणि रंधा हातात दिला. "चालवा."

गंमतरावांनी ताकद लावली. रंधा दोन बोटं गेला आणि रुतला. दुसऱ्यांदा उडाला. तिसऱ्यांदा त्यांचंच बोट सोललं.

"तुम्ही जोर करताय," मिस्त्री म्हणाले. "जोर लागत नाही. वजन टाका आणि सरळ जा. घाई ज्याची, फळी त्याची नाही."

अर्धा तास गेला. शेवटी एक लांब, अखंड ढलपी निघाली. गंमतराव ती हातात धरून लहान मुलासारखे बघत बसले. मग मिस्त्रींनी त्यांना शेजारी ठेवलेली दोन टेबलं दाखवली. दिसायला जुळी. सुतारखान्याची रीतच तशी होती: व्हिलनसाठी एक खरं टेबल, भरीव लाकडाचं, तो त्यावर टेकतो, मुठी आपटतो म्हणून, आणि एक खोटं, शेवटच्या मारामारीत हीरो त्यावर आपटला की फुटावं म्हणून.

"हात ठेवा. खरं गार लागतं. खोटं लाकूड पोकळ, कापसासारखं. ते कोमट लागतं."

"डोळ्यांना काहीच कळत नाही."

"डोळ्यांना कळू नये म्हणूनच ठेवलंय मला."

खोट्याच्या पायांत लोखंडी पट्ट्या घातलेल्या होत्या, म्हणजे मारामारीत ते सरकायला नको. त्यामुळे उचलूनही फरक कळायचा नाही. डोळ्यांना दिसेल अशी खूण एकच: खोट्याच्या फळीला खालच्या बाजूला खडूची फुली.

आता झालं असं, की आदल्याच दिवशी मिस्त्रींनी मेहुण्याला झापलं होतं. टेबलाची खालची बाजू त्यानं कोरडीच सोडली होती.

"भावजी, खालून कोण बघतं?"

"मी बघतो."

मेहुणा तोंडाचा सैल असला तरी हाताचा पक्का होता. शब्द त्याला लागला. त्यानं दोन्ही टेबलं उलटी केली, खालून पुसून घासली, पॉलिशचे तीन हात दिले. फुली गेली. हे त्यानं सांगितलं नाही, कारण चांगलं काम सांगायचं नसतं, बघणाऱ्यानं बघायचं असतं, हेही भावजींनीच शिकवलेलं.

सकाळी सेटवरची माणसं टेबल न्यायला आली, तेव्हा मिस्त्रींनी जवळच्याच टेबलाखाली वाकून पाहिलं. फुली नाही. खालून मात्र आरशासारखं चकचकीत. ते मनात खूश झाले आणि म्हणाले, "न्या, खरं आहे."

सीन साधा होता. हीरोला खुर्चीला बांधलेलं. व्हिलन टेबलावर मूठ आपटतो आणि म्हणतो, "इथून कोणी जिवंत गेलेलं नाही." मिस्त्री कॅमेऱ्यामागे उभे राहिले. दिवेवाले आधीच गाल आत ओढून तयार.

शॉट सुरू झाला. गंमतराव चालत आले, त्यांनी डावा तळवा टेबलावर टेकवला आणि उजवी मूठ उचलली.

मूठ वरच राहिली.

मिस्त्रींनी त्या तळव्याकडे पाहिलं. बोटं किंचित वर आली होती, चटका बसल्यासारखी. टेबल कोमट होतं. आता मूठ बसली असती, तर टेबलाचे तुकडे, सेटभर हशा आणि उद्या दुसरा माणूस. ओरडावं, तर कॅमेरा चालू.

गंमतरावांनी मूठ हळूहळू खाली आणली. आणली ती इतकी जपून, जणू झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण घालतायत. फळीवर टेकवली, पण वजन दिलं नाही. मग एकेक बोट उघडलं. टेबलावरचा कागद वाकडा होता, तो काठाशी जुळवला. सगळं लक्ष हातात, त्यामुळे आवाज आपोआप उतरला.

"इथून," ते म्हणाले, आणि थांबले, टेबल करकरतंय का ते ऐकायला. "कोणी जिवंत गेलेलं नाही."

हीरोचं पुढचं वाक्य होतं. तो ते विसरला. दिवेवाल्यांपैकी एकाचे गाल आत ओढलेले तसेच राहिले होते, पण आता हसू दाबायला नव्हे.

"कट," बाई म्हणाल्या. "असंच आणखी एकदा."

आणखी एकदा म्हणजे मूठ, वजन, टेबल. मिस्त्रींना दोन मार्ग दिसत होते. गप्प बसावं, तर पुढच्या वेळी फळी दगा देणार. सांगावं, तर बाईंना कळणार की माणूस अभिनय करत नव्हता, टेबल सांभाळत होता. आणि चूक कुणाची हेही कळणार. गंमतराव त्यांच्याकडे बघत मान बारीकशी हलवत होते: नको.

मिस्त्री पुढे झाले. "बाई, टेबल खोटं आलंय. चूक माझी. मी नीट तपासलं नाही."

मेहुण्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. वाकून बघायचं आणि हात लावायचा नाही, ही चूक पॉलिशवाल्याची नसते.

बाई गंमतरावांकडे वळल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"हात ठेवल्यावर कळलं."

"म्हणजे तुम्ही नुसतं टेबल वाचवत होता?"

"हो," गंमतराव म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला.

"तीन दिवस तुम्ही भीती दाखवत होता," बाई म्हणाल्या. "आज पहिल्यांदा तुमच्या हातात जपण्यासारखं काहीतरी होतं. मिस्त्री, खरं आणा. हात मात्र तसाच हवा."

खरं टेबल आलं. गंमतरावांनी त्यावर तळवा ठेवला. भरीव, गार, भरवशाचं. आणि भरवसा वाटल्याबरोबर त्यांचे खांदे सैल पडले, मूठ दणकन बसली आणि मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

बाईंनी कपाळाला हात लावला. "खोटं परत आणा."

एकवीस वर्षांत प्रथमच मिस्त्रींचं भरीव काम सेटवरून परत पाठवलं गेलं. दोन माणसांनी ते उचलून नेलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण संध्याकाळपर्यंत गंमतरावांनी त्या कोमट फळीवर अकरा शॉट दिले, एकदाही वजन न टाकता, आणि अकराव्यानंतर चहा द्यायला आलेल्या माणसानं त्यांच्यापुढे कप लांबूनच सरकवला.

"काय रे, मी चावतो का?" गंमतरावांनी विचारलं.

"नाही साहेब," तो म्हणाला आणि दोन पावलं मागे सरला.

गंमतरावांना इतका आनंद कधी झाला नसेल. बाईंनी जागच्या जागी फोन लावून त्या दुसऱ्या माणसाला येऊ नको म्हणून कळवलं.

मिस्त्री ऐकायला थांबले नाहीत. व्हिलन आता पूर्ण सिनेमा खोटं टेबल वापरणार होता, म्हणजे मारामारीत फोडायला दुसरं लागणार. ते सुतारखान्यात गेले, हलक्या लाकडाची फळी बाकावर घेतली आणि पहिली रेघ मारली.