आबांच्या पाटावर

गेल्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, मला मेलेल्या माणसाचं काम मिळालं. आमच्या धुळ्याकडे या सणाला गेलेल्याच्या नावाने एखाद्या जिवंताला जेवू घालतात. त्याला पितर म्हणतात. त्याचे पाय धुवायचे, कपाळाला गंध लावायचं आणि मेलेल्याला जे आवडे ते त्याला पोटभर वाढायचं. तो उठेपर्यंत घरात कुणी जेवत नाही.

शेजारचे आबा साखरेने गेले. आधी अंगठा, मग पाऊल, मग आबा. त्यांच्या पाटावर बसायला अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, अख्ख्या गल्लीतून निवडलं कुणाला? मला! माझी साखर तर गल्लीला पाठ आहे. डोळ्याच्या डॉक्टरांनी बजावलंय, आता गोड खाल तर आहे ती नजरही जाईल. म्हणून मी घरूनच मेथीची भाजी-भाकर खाऊन निघालो. भरल्या पोटाचा पितर!

ताट आलं. खापरावरची पुरणपोळी, वर तूप, आणि वाटी कसली, वाडगाभर आमरस.

“अक्का, रस नको. माले शुगर शे.”

“आबाले बी व्हती. आबा कधी नाही म्हनेत का?”

दारात सगळं घर भुकेलं उभं. मग मात्र माझ्यातला गणपतीच्या मांडवातला नट जागा झाला. मी डोळे मिटले, आबांसारखा घसा खाकरला आणि त्यांच्याच आवाजात गरजलो, “जित्ता व्हतू तवय कोनी साधी भाकर नाही दिन्ही! आते तरी दे!”

सून फिस्सकन हसली. जळगावहून पाइपच्या कारखान्यातून रजा काढून आलेला मुलगा तर पोट धरून हसला. अक्का हसल्या नाहीत. डोळ्यांना पदर लावून आत गेल्या आणि खरंच भाकर घेऊन आल्या. पोळी आणि वाडगा त्यांनी उचलून बाजूला ठेवला. जिंकलो! फक्त टाळ्या तेवढ्या पडल्या नाहीत.

आचवून मी परत आलो, तर घर पंगतीला बसलेलं. पितराच्या ताटातला रस टाकायचा नसतो, म्हणून अक्कांनी तो वाडगा मुलापुढे सरकवला. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं, शर्ट वर केला, पोटात इन्सुलिनची सुई टोचली आणि वाडगा तोंडाला लावला.

“बापसारखाच शे,” अक्का कौतुकाने मला म्हणाल्या, “नाही म्हनतच नाही.”