फोटो बिघडला, पुढच्या महिन्यात या

हे इथे लिहावं की नाही यावर माझा आणि बायकोचा, पल्लवीचा, तीन दिवस वाद झाला. शेवटी ती म्हणाली, "लिहून टाक, कोणाला तरी कारण माहीत असेल." म्हणून लिहितोय.

भूत, चकवा, अंगात येणं वगैरे ऐकलं की मला हसूच येतं... म्हणजे यायचं. मी नागपूरला मिहानमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. "असं होऊच शकत नाही" असं लोक ज्याबद्दल म्हणतात, ते का होतं हे शोधायचाच मला पगार मिळतो. माझा साधा नियम आहे – जे पुन्हा करून दाखवता येतं त्याला कारण असतं. तर ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा करून पाहिली. दर वेळी झाली. आणि कारण सापडलं नाही.

आधी माणसं सांगतो. मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. मी दुसरीत असताना माझी आई गेली आणि वडिलांची फिरतीची नोकरी, त्यामुळे दहावीपर्यंत मी काटोलला मोठ्या आईकडेच वाढलो. माझे डबे तिने भरले, मारही तिनेच दिला. मोठ्या बाबांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, काटोलला बस स्टँडजवळ फोटो स्टुडिओ होता. संत्र्याच्या मंडीत आलेले शेतकरी, व्यापारी, लग्न ठरलेल्या पोरी, सगळे त्यांच्याकडे यायचे. त्यांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. सहा वर्षांपूर्वी ते गेले. स्टुडिओतलं सामान विकलं गेलं, माझ्या वाट्याला आली फक्त त्यांच्या जुन्या रोलवाल्या कॅमेऱ्याची लेन्स. पन्नास एमएमची, आट्यांनी बसवायची, काळ्या धातूची, हातात घेतली की चांगली जड.

मला फोटोंचा नाद आहे. माझ्याकडे नवा डिजिटल, मिररलेस कॅमेरा आहे. त्यावर जुनी लेन्स थेट बसत नाही, मध्ये अडॅप्टर नावाची धातूची चकती लावावी लागते. मी ऑनलाइन मागवली. या चकतीत वायर नाही, मोटर नाही, काहीच नाही. कॅमेऱ्याला तर आपल्या तोंडावर लेन्स आहे हेही कळत नाही! "लेन्स नसतानाही फोटो काढ" अशी सेटिंग चालू करावी लागते, तेव्हा कुठे तो ऐकतो. फोकस करायचा तर लेन्सवरची रिंग आपल्या हाताने फिरवायची. हाताशिवाय ती हलूच शकत नाही, एवढं कृपया लक्षात ठेवा.

मागच्या मे महिन्यात मोठ्या आईच्या हृदयाची झडप बदलायचं ठरलं. वय बहात्तर. डॉक्टर स्पष्टच बोलले, धोका आहे, पण न केलं तर जास्त आहे. आम्ही तिला काटोलहून आमच्या नंदनवनच्या घरी आणलं. आल्या आल्या म्हणाली,

"निलेश, ऑपरेशनच्या आधी माह्या भिंतीवरचा फोटो काढून ठेव बरं. मंग धावपळीत कोणता बी चिपकवान."

भिंतीवरचा म्हणजे हार घालायचा. आमच्याकडे म्हातारी माणसं आपल्या हयातीतच असा फोटो काढून ठेवतात. मला ते ऐकूनच कसंतरी झालं.

"काही गरज नाही. तू ठणठणीत होऊन येशील."

"येईन ना गा. पण फोटो पाह्यजे. आन् त्याईच्याच लेन्सनं काढ. मोबाईलचा नको मले."

रविवारी सकाळी साडेआठला हॉलमध्ये तिला खुर्चीवर बसवलं. हिरवं इरकल नेसली होती, कपाळाला बुक्का. तिच्या मागे पाच-सहा फुटांवर बेडरूमचं दार. मी स्क्रीनवर तिचे डोळे दहापट मोठे करून पाहिले, पापणीन् पापणी दिसेपर्यंत रिंग फिरवली, बटण दाबलं. फोटो पाहिला तर चेहरा धूसर आणि मागच्या दाराची कडी चकचकीत.

वीस फोटो काढले. विसांत कडीच.

मला वाटलं कूलर. आमचा लोखंडी कूलर सुरू असला की फरशीसुद्धा थरथरते. पुढच्या रविवारी कूलर बंद केला – नागपूरच्या मे महिन्यात! – ट्रायपॉड लावला. बिचारी घामाने निथळत बसली होती. तरी तेच. त्याच खुर्चीवर पल्लवीला बसवलं, तिचा फोटो एकदम कडक. शेजारच्या काकूंना बसवलं, कडक. गॅलरीतली तुळस, दुधाचं पातेलं, माझा स्वतःचा फोटो, सगळं कडक. मोठी आई बसली की कडी.

पल्लवी म्हणाली, "तुझी नवीन लेन्स लाव ना, कशाला त्या म्हातारीला शिजवून राहिला?" मी लावायला गेलो तर मोठ्या आईने हात आडवा केला. "त्याईच्याच लेन्सनं," एवढंच.

चिडून सीताबर्डीच्या एका जुन्या कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने लेन्स उघडली, जुनं ग्रीस पुसून नवीन भरलं, चकती मोजली. "लेन्स एकदम ओके है साहेब. हात स्थिर ठेवत जा."

ऑपरेशन चार दिवसांवर आलं होतं. या वेळी मी टेस्टर म्हणूनच उतरलो. कॅमेरा ट्रायपॉडवर. मोठ्या आईच्या डोळ्यांवर फोकस केला, रिंगवरचा आकडा सहा फूट. रिंग आणि लेन्सची नळी एकमेकांना जखडतील अशी काळी टेप तीन वेढे घट्ट गुंडाळली. दहा सेकंदांचा टायमर लावला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. कॅमेऱ्यात एक सोय असते, जे काही फोकसमध्ये आहे त्याच्या कडा स्क्रीनवर लाल दिसतात. तिच्या चष्म्याची काडी लाल, कानातली कुडी लाल, पापण्या लाल. बरोबर.

टायमर सुरू झाला. आणि त्या लाल रेघा हलल्या.

आधी पापण्यांवरून गेल्या. मग चष्म्यावरून. मग कानावरून, केसांवरून मागे सरकल्या... सावकाश, कोणी अंदाज घेत रिंग फिरवावी तशा. मधल्या रिकाम्या हवेत काही क्षण काहीच लाल नव्हतं. मग दाराची कडी लाल झाली, आणि कॅमेरा वाजला.

माझे हात पाठीमागेच होते. पल्लवी माझ्या शेजारी उभी होती, तिने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं उमटली. मी जवळ जाऊन पाहिलं. टेप जशीच्या तशी, कुठे सुरकुतीही नाही. ती सोडली, तर आत रिंगचा आकडा बारा फुटांवर.

मोठी आई मात्र हसत होती.

"बिघडला ना?"

"हाव... तुले कसं माहीत?"

तेव्हा तिने सांगितलं. काटोलला कोणी म्हातारं माणूस भिंतीवरचा फोटो काढायला आलं, की मोठे बाबा त्याला बसवायचे, "हसा" म्हणायचे, आणि बटण दाबताना मुद्दाम रिंग थोडी फिरवायचे. मग दोन दिवसांनी त्याला सांगायचे, फोटो बिघडला, पुढच्या महिन्यात या. तो पुढच्या महिन्यात यायचा. पुन्हा बिघडायचा.

"लोकं शिव्या देत, का याले धंदा येत नाही," मोठी आई म्हणाली. "पण ते म्हणे, त्या माणसाले यायले एक कारण पाह्यजे. फोटो बाकी आहे म्हनलं का माणूस महिनाभर टिकते."

"आणि कोणाचाच काढून देत नसत?"

तिने पदराने मान पुसली. "कधी कधी रिंग फिरतच नसे म्हने. जाम होऊन जाय. त्या दिवशी घरी येत अन् जेवत नसत. मी विचारो, काहून जेवत नाही? तं म्हणत, आज एकाचा फोटो चांगला आला."

खरं सांगतो, मला राग आला होता. चार दिवसांवर ऑपरेशन आणि हे काय ऐकायचं! पण त्याच वेळी मनातून हलकंही वाटलं, आणि त्याची मला लाज वाटली. ती तर अगदी खुशीत उठली आणि पल्लवीला म्हणाली, "चाल वं, पोहे टाक. माहा फोटो बाकी आहे."

ऑपरेशन छान झालं. आठव्या दिवशी घरी आली. डॉक्टर म्हणाले, या वयात इतक्या लवकर उभं राहिलेलं माणूस कमीच पाहतो. मी ते श्रेय डॉक्टरांनाच देतो, आजही देतो.

पण मग आमच्याकडे एक रीतच पडली. दर महिन्याला तपासणीच्या आधीच्या रविवारी ती इरकल नेसून खुर्चीवर बसायची. "चाल गा, बिघडव माहा फोटो." मी फोकस करायचो, टायमर लावायचो, लाल रेघा तिच्या चेहऱ्यावरून निघून दाराकडे जायच्या. "नाही ना आला? बरं झालं." मग चहा. जून, जुलै, ऑगस्ट... दिवाळीपर्यंत आम्हाला त्याची इतकी सवय झाली की भीतीच गेली. भीती अशी जाते, हे मला माहीत नव्हतं. मी तर टायमर चालू असताना तिच्याशी गप्पा मारायचो.

आता मागच्या रविवारचं सांगतो.

थंडीचे दिवस, कूलर कधीच झाकून ठेवलेला. खिडकीतून तिच्या गुडघ्यांवर ऊन पडलं होतं. मी फोकस केला, टायमर दाबला आणि ती काटोलच्या कोणा सुनेबद्दल काहीतरी सांगत होती म्हणून हसत स्क्रीनकडे पाहिलं.

लाल रेघा तिच्या पापण्यांवर होत्या. चष्म्यावर. कुडीवर.

सात सेकंद. सहा. हलेनात. मी वाट पाहिली. मग कॅमेऱ्यापाशी गेलो आणि रिंग धरली. मोठे बाबा करायचे तेच करायचं होतं, जरासं फिरवायचं, बस. रिंग फिरेना. दोन्ही हातांनी जोर लावला. ट्रायपॉडसकट कॅमेरा कलला पण रिंग केसभरही हलली नाही. कॅमेरा बंद करावा, समोर हात धरावा, काहीही सुचायला हवं होतं... सुचलं नाही. क्लिक.

असा फोटो मी आयुष्यात काढलेला नाही. हातात धरलेला कॅमेरा, कललेला, तरी कुठे थरथर नाही. बुक्क्याचा कण न् कण दिसत होता. तिच्या डोळ्यांच्या बाहुल्यांत खिडकी दिसत होती. ती सुंदर दिसत होती, आणि मला ओरडावंसं वाटत होतं.

"काय गा? आला का?"

मी तिच्याकडे पाठ केली आणि फोटो डिलीट केला. मग पूर्ण कार्डच फॉरमॅट केलं.

"बिघडला, मोठी आई. पुढच्या रविवारी काढू."

"बरं झालं," ती म्हणाली. पण नेहमीसारखी लगेच उठली नाही. माझ्याकडे पाहत राहिली. शाळेत मार खाऊन आलो आणि पडलो म्हणून सांगितलं, की ती अशीच पाहायची. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी कायले? आपलं तं महिन्याचं असते ना?"

मी म्हटलं, उजेड कमी होता.

मंगळवारी तिला मुदतीच्या आधीच तपासायला नेलं. रिपोर्ट चांगले आहेत. जेवते, झोपते, पल्लवीला भाजीतल्या मिठावरून बोलते. लेन्स पुन्हा सीताबर्डीला दाखवली, तो म्हणाला कुठेच काही अडकलेलं नाही. धातू थंडीत आकसतो का, नवीन ग्रीस घट्ट होतं का, अडॅप्टरमुळे रिंगवर दाब येतो का – सगळं वाचलं. नागपूरच्या थंडीत असं काही होत नाही. झालं तरी मे महिन्यातल्या त्या टेपचं काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कोणी जुन्या लेन्स वापरत असेल, कोणाच्या बाबतीत असं झालं असेल तर कृपया लिहा. थट्टा केली तरी चालेल.

हे लिहितोय तेव्हा ती आतल्या खोलीत पल्लवीकडून हिरव्या इरकलला इस्त्री करून घेतेय. उद्या रविवार आहे. लेन्स टेबलावर आहे, दर दहा मिनिटांनी मी उचलतो आणि रिंग फिरवून पाहतो. आत्ता तरी फिरते.